एक हात लांब

डोळे चालले, हे आमच्या घरात मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आधी बायकोला कळलं, मग शेजारणीला, म्हणजे दुपारच्या आत अख्ख्या आळीला. मी आपला रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्रवाल्यांना शिव्या देत होतो, की लेकाचे हल्ली छपाई फार फिकी करतात. लढाईचे दिवस होते. कागद भिकार, शाई भिकार, त्यामुळे माझं म्हणणं बरेच दिवस खपून गेलं. शेवटी एकदा बायको म्हणाली, “छपाई फिकी, मान्य. पण काल दारातल्या लिंबावर आपटलात, तो लिंबही कुणी फिका छापलाय का?”

मास्तर माणूस असा एका वाक्यात हरत नसतो. मी म्हणालो, लिंबाची फांदी रस्त्यात आलीय. ती म्हणाली, फांदीला नाही, बुंध्याला धडकलात, आणि बुंधा हे घर बांधायच्या आधीपासून तिथंच आहे. मग मी चहा मागितला.

तीस वर्षं मी गिरणाकाठच्या खेड्यांत मास्तरकी केली आणि शेवटच्या शाळेच्या गावीच, भडगावच्या अलीकडे, घर बांधून राहिलो. पेन्शनीत निघालेल्या मास्तराला गावात एकच काम उरतं, ते म्हणजे पारावर बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं. पेपर आमच्याकडे तिसऱ्या दिवशी यायचा. अक्षरं धूसर व्हायला लागली तसे मी नुसते मोठे मथळे वाचून खालचा मजकूर मनाचा लावू लागलो. पुढे मथळेही दिसेनात. मग मोटारीच्या ड्रायव्हरकडून चार बातम्या काढून घ्यायच्या आणि उरलेली लढाई स्वतः लढायची, असा क्रम सुरू झाला. एका आठवड्यात मी तीन शहरं जिंकली. एक म्हातारे आबा रोज पुढ्यात बसायचे. ते म्हणाले, “गुर्जी, हे गाव तुम्ही मागला महिनामाच घेतलं व्हतं ना?” मी म्हणालो, “मधे गेलं होतं हातचं. परत घेतलं.” आबांनी मान डोलावली. त्या वर्षी आमच्या गावापुरती लढाई माझ्याच हुकमावर चालली होती, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती.

औषधं तर विचारू नका. माणसाला ताप आला तर लोक निदान वैद्याकडे बोट दाखवतात. डोळे बिघडले की प्रत्येक जण स्वतःच वैद्य होतो. बायको रोज गुलाबपाणी घालायची. शेजारीण म्हणाली, गुलाबपाण्याने काय होतंय, कांद्याचा रस आणि मध घाला. तो घातल्यावर मी तासभर असा रडलो की समोरच्या घरातल्या अक्का विचारपूस करायला आल्या, कोण गेलं म्हणून. एका सद्गृहस्थांनी सांगितलं, पहाटे उठल्याउठल्या स्वतःची शिळी थुंकी डोळ्यांना लावावी. हे औषध फुकटचं, म्हणून मी ते महिनाभर केलं. डोळ्यांना काही झालं नाही. थुंकीलाही काही झालं नाही.

पण एका दुपारी मी शेजारणीने अंगणभर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवरून, पायात वहाणा घालून, आरपार चालत गेलो. मला वाटलं, अंगण सारवून धोतर अंथरलंय. त्या बाईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं निम्मं तर मलाही नवीन होतं. दुसऱ्याच दिवशी बायकोने पिशवी भरली आणि मला धुळ्याला नेलं. तिथे डोळ्यांचे एक डॉक्टर नावाजलेले होते.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. त्या वेळी वाटली नव्हती.

डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता होता. वरच्या ओळीत भाकरीएवढं अक्षर, मग खाली खाली बारीक होत शेवटी मोहरीएवढं. पेशंटला एका रेघेवर उभं करून ती अक्षरं वाचायला लावत. बायकांची बसायची सोय बाहेर होती. आम्ही पुरुष आत बाकावर ओळीने बसलो होतो. मला तक्त्याच्या जागी कुणीतरी पंचा वाळत घातल्यासारखं दिसत होतं. पण कान शाबूत होते! माझ्या आधी पाच जण होते. एक वाचायचा, दुसरा वाचायचा, आणि मी बाकावर बसून मनात म्हणत होतो. तिसरा माणूस होईपर्यंत चार ओळी माझ्या तोंडपाठ झाल्या. पाचवा उठला तेव्हा पाचवी ओळही बसली.

माझी पाळी आली. मी रेघेवर उभा राहिलो, पाठ ताठ केली, आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून टाकलं. कुठे अडखळलो नाही. माझ्या आधीच्या वाण्याने चौथ्या ओळीत ‘घ’ला ‘ध’ म्हटलं होतं. तोच कानात ताजा होता, म्हणून मीही इमानेइतबारे ‘ध’च म्हटलं. डॉक्टर खूश! म्हणाले, “वा मास्तर! या वयात ही नजर?” मग बत्ती लावून डोळ्यांत बघितलं. “मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला दिसत नाही. तुमचं काम चाललंय ना? चालू द्या. वर्षाने या.”

मी बाहेर आलो तो छाती काढूनच. बायकोला म्हणालो, “पास!” परतीच्या वाटेवर ती बिचारी सारखी एकच म्हणत होती, “काजगावची केळी चार दिवसांत पिकतात, आणि ह्यांच्या मेल्या डोळ्याला वर्ष लागतंय.”

मी असं का केलं? आता विचारता तर उत्तर सोपं आहे. समोर तक्ता, हातात छडी घेतल्यासारखा उभा असलेला साहेब, आणि चारचौघांत ‘मला येत नाही’ म्हणायचं? मास्तराने? त्यापेक्षा आंधळं झालेलं बरं. आणि पाठ म्हणून वेळ मारून नेणं ही काही माझ्यासाठी नवी विद्या नव्हती. तीस वर्षं मी पोरांना दुसरं काय शिकवलं?

आमच्या काळी वर्षातून एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब यायचे. ते यायच्या आधी महिनाभर शाळेत एकच काम चालायचं. पुस्तकातले चार धडे निवडायचे आणि ते पोरांकडून इतके घोकून घ्यायचे की झोपेत लाथ मारली तरी पोराने ‘एका जंगलात एक सिंह’ म्हणत उठावं. साहेबांसमोर पुस्तक उघडून धरायचं आणि म्हणत सुटायचं. साहेबांना वाटायचं, पोरं वाचतायत. खरं म्हणजे साहेबांनाही ठाऊक असायचं. पण त्यांना संध्याकाळच्या आत पुढचं गाव गाठायचं असायचं. ज्यांना एवढंही जमणार नाही अशा ढ पोरांना त्या दिवशी मी सकाळीच सांगायचो, “जा रे, आज तुम्हाला सुट्टी. बोरं वेचा.” ही रीत आसपासच्या सगळ्या शाळांत होती. तपासणीच्या दिवशी आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं बोरीखाली सापडायची.

आणि माझा खास असा एक नियम होता. पाठ ताठ, पुस्तक डाव्या हातात, आणि डोळ्यांपासून एक हात लांब. पुस्तक नाकाशी धरलेलं मला खपायचं नाही. ते आळशी पोराचं लक्षण. कुणाचं पुस्तक नाकाकडे सरकलं की त्याच्या मनगटावर माझी छडी पडलीच म्हणून समजा. साहेबांनी या शिस्तीचं दोनदा कौतुक केलं होतं, त्यामुळे मी ती छडी आणखीच मन लावून मारायचो.

तेव्हा मी शेजारच्याच एका खेड्यातल्या शाळेवर होतो. तिथे एक पोरगा होता, कोरडवाहू शेतकऱ्याचा. फळ्यावरचं काही विचारलं की डोळे बारीक करायचा, तोंड वेंगाडायचा, आणि चुकायचा. पाटी नाकाला लावून लिहायचा. मी मनगटावर द्यायचो. पाटी लांब गेली की अक्षर एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. आधी मी त्याला मधल्या ओळीत बसवला, मग शेवटच्या तरटावर. आमच्याकडे तशीच पद्धत होती, हुशार पुढे, ढ मागे. मागे गेल्यावर तो आणखी ढ झाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की आपण म्हणत होतो ते बरोबर होतं.

एके वर्षी दिपोटीसाहेब एक दिवस आधी येऊन टपकले. ढ पोरांना पांगवायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी नेमकं शेवटच्या तरटाकडे बोट केलं. तो पोरगा उठला. पाठ ताठ, पुस्तक डाव्या हातात, एक हात लांब. आणि त्याने सिंहाचा धडा असा म्हटला की मीच थक्क झालो. एक शब्द चुकला नाही. मागे बसून नुसता ऐकून ऐकून त्याने तो पाठ केला होता. साहेब खुशीत पुढे गेले, शाबासकी द्यायला. जवळ जाऊन बघतात तर पुस्तक उलटं.

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले, पण शेरेबुकात लिहिताना हसले नाहीत. ‘मुले वाचत नाहीत, पाठ म्हणतात.’ त्या एका वाक्यापायी माझी होऊ घातलेली हेडमास्तरकी गेली. साहेबांची दमणी वेशीबाहेर पडेपर्यंत मी दम धरला, आणि मग त्या पोराला छडी तुटेपर्यंत मारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला. मी वादावादी केली नाही, लगेच लिहून दिला. हे सगळं मी पार विसरूनही गेलो होतो.

तर सांगत होतो ते असं, की धुळ्याहून ‘पास’ होऊन आलो आणि पुढच्या आठ-दहा महिन्यांत उरलंसुरलं दिसायचंही गेलं. उजेड-अंधार कळायचा, माणूस हलला तर कळायचा, उभा राहिला तर खांब. मी गावातल्या बऱ्याच खांबांना रामराम घातला. पारावर जाणं बंद केलं. लोकांना सांगितलं की लढाई आता कंटाळवाणी झालीय. घरात बायको ताटात बोट धरून दाखवायची, ही भाजी, ही चटणी. मी चिडायचो. “कळतं मला!” म्हणून चटणीचा गोळा उचलायचो आणि तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी आलं तरी, भाजी समजून गिळायचो. एवढा ताठा बाळगून मला काय मिळत होतं, देव जाणे. तोंड मात्र आलं.

एका सकाळी बायकोला न सांगता मी मळ्याच्या वाटेला निघालो. पायांना ठाऊक असलेली वाट होती, म्हणून भरभर चालत होतो. एकदम कुणीतरी मागून सदऱ्याला धरून मला असं मागे ओढलं की मी बुडावर बसलो.

“कोण आहे रे तो? शरम नाही वाटत?” मी ओरडलो.

“गुर्जी, म्होरे हीर शे,” तो माणूस म्हणाला. पुढे विहीर आहे. त्याने एक खडा उचलून टाकला. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला. मी बसल्याबसल्याच मागे सरकलो.

“कोण तू?”

“माले वयखं नही? मी तोच, उलटा पुस्तकवाला.”

त्याने हाताला धरून मला घरी आणलं. बायकोने त्याला चहा दिला. ती चुलीपाशी बसून रडत होती, तेवढं मला ऐकू येत होतं. मग मी त्या दोघांसमोर पहिल्यांदा कबूल केलं, की मला दिसत नाही, आणि धुळ्याला मी तक्ता वाचला नव्हता, म्हटला होता. बायकोचं रडणं थांबलं. “म्हणजे वर्षभर मी तुमचा डोळा पिकायची वाट बघतेय,” ती म्हणाली, “आणि तुम्ही तिथं कॉपी करून आलात?”

तो हसायला लागला. इतका हसला की त्याचा चहा सांडला.

मला पुन्हा धुळ्याला न्यायचं तर मुंबईला नोकरीला असलेल्या आमच्या मुलाला रजा मिळेना, बायकोच्या गुडघ्यांना मोटार झेपेना. तेव्हा तोच म्हणाला, “मी येस ना संगे.” त्याला आता पस्तिशी लागली होती, स्वतःची बैलजोडी होती, आणि पेरण्यांना अजून अवकाश होता. मला हे मुळीच आवडलं नाही. ज्याला मी मारून शाळेतून घालवला त्याच्या हाताला धरून धुळ्याला जायचं! पण विहिरीत पडलेल्या खड्याचा आवाज अजून कानात होता.

त्या दिवसांत पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळे मोटारी कोळशावर चालत. गाडीच्या मागे एक बंब लावलेला, क्लीनर तो पंख्याने फुलवायचा, आणि गाडी दमेकऱ्यासारखी चढ चढायची. काजगाव स्टेशनपर्यंत उतारूंनी तिला तीनदा ढकललं. मला दिसत नव्हतं, पण ढकलायला डोळे लागत नाहीत, असं म्हणून कंडक्टरने मलाही उतरवलं. मास्तरकीत ओझी ओढली होती, मोटार पहिल्यांदाच ढकलली.

काजगावला आगगाडी मिळाली. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरायची होती. चुकलो तर थेट मनमाडाकडे जाणार. गाडी एका स्टेशनात शिरली. गर्दी अशी की कुणाला विचारायची सोय नाही. मी त्याला म्हणालो, “बाहेर पाटी दिसते का?”

“दखास ना. चष्मा शे.”

“चष्मा? तुला? मग वाच की लवकर!”

“गुर्जी,” तो शांतपणे म्हणाला, “दखास. वाचता कोठे येस?”

गाडी थांबली होती. मी घायकुतीला येऊन म्हणालो, “अरे, मग कशी दिसतात ती अक्षरं ते तरी सांग!” तो खिडकीतून डोकं काढून सांगू लागला. पहिल्या अक्षराचं पोट डाव्या अंगाला आहे. त्याच्यामागे दोन काठ्या. मग दोन गोल, पेढ्यासारखे, एकमेकाला चिकटलेले. त्यांच्या डोक्यावरून गेलेली वाकडी काठी.

“दोन गोल? ळ! चाळीसगाव! उतर, उतर!”

आम्ही दोघांनी पिशव्यांसकट उड्या टाकल्या. फलाटावर उभे राहून धापा टाकत होतो. त्याला हे भारीच आवडलं. धुळ्यापर्यंत प्रत्येक स्टेशनात तो मला अक्षरांची वर्णनं करून सांगत होता आणि मी गावं ओळखत होतो. डोळे त्याचे, अक्षरं माझी. डब्यातले लोक आमच्याकडे बघून हसत असावेत. मला कुठे दिसत होते?

वाटेत मी विचारलं, “चष्मा कधी लागला?” तो म्हणाला, चार वर्षांपूर्वी. भुसावळला एका कारखान्यात कामाला लागायला गेला होता. तिथल्या डॉक्टरने डोळे तपासले आणि सांगितलं, लांबचं दिसत नाही तुला, लहानपणापासूनच दिसत नसणार. काम मिळालं नाही, पण त्याने गाठीचे पैसे मोडून चष्मा केला. “घर वनू,” तो म्हणाला, “माय ओटावर बसेल व्हती. तिना कपायवर गोंदेल तीन टिपका शेतस. अंगणमातून दखायनात. माले तव्हय कयनं, लोकेसले इतलं लांबनं दखास.”

म्हणजे, घरी आलो, आई ओट्यावर बसली होती, तिच्या कपाळावरचं गोंदण अंगणातून दिसलं, आणि लोकांना इतक्या लांबचं दिसतं हे मला तेव्हा कळलं. एवढंच तो बोलला, आणि लगेच बाहेरच्या पिकांविषयी काही सांगू लागला. मी ऐकत नव्हतो. मला त्याचे बारीक केलेले डोळे आठवत होते आणि त्याचं वेंगाडलेलं तोंड. त्याला पुढे बसवला असता तर? पाटी नाकाशी धरू दिली असती तर? मी त्याच्या मनगटावर किती वेळा मारलं असेल! मला स्वतःची किळस आली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

धुळ्याला पोचलो. पुन्हा तीच खोली, तोच बाक, तीच रेघ. आता शहाणपणा सुचलेला होता, खरं सांगायचं ठरवून आलो होतो. पण रेघेवर उभा राहिलो, डॉक्टर म्हणाले “हं, मास्तर,” आणि माझ्या तोंडातून वर्षापूर्वीच्या ओळी आपोआप बाहेर पडायला लागल्या. सवय! दोन ओळी झाल्या, तिसरी सुरू केली. मागून त्याचा आवाज आला, “गुर्जी, तठे काही नही. नुसती भीत शे.”

तक्ता दुसऱ्या भिंतीवर हलवला होता. मी कोऱ्या भिंतीवरची अक्षरं वाचत होतो, ‘घ’ला ‘ध’ म्हणायच्या बेतात होतो. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, गेल्या वर्षीही भिंतच वाचली होतीत का?” तिसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डावा म्हणाले, त्याची आशा फार ठेवू नका, वेळ दवडलात.

पुढचे दहा दिवस मी दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणा पडून होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं तर नाहीच, आणि बोलायचंही बेताने. तीस वर्षं पोरांना ‘हलू नकोस’ म्हणणाऱ्या माणसाला देवाने बरोबर हिशेबाने शिक्षा दिली. नाकावर माशी बसली तरी हात उचलायची बंदी. तो माझ्या खाटेशी बसून माशा वारायचा आणि चमच्याने पेज भरवायचा. आठव्या की नवव्या दिवशी मी विचारलं, “तुला माझा राग येत नाही का रे?”

तो विचार करून म्हणाला, “राग शे ना, गुर्जी. पण हीरमा पडू देवाइतला नही.”

पेज गिळताना ठसका लागला आणि नर्सबाईंनी दोघांनाही झापलं.

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसता पांढरा उजेड दिसला, मग त्यात डॉक्टरांची बोटं. किती? तीन. किती? दोन. या वेळी खरोखर मोजून सांगत होतो, आणि प्रत्येक उत्तराआधी मनात येत होतं, चुकलो तर? दीड महिन्याने चष्म्यासाठी पुन्हा धुळ्याला गेलो, तोच संगे. बाटलीच्या बुडाएवढी जाड काच नाकावर चढली आणि जग जागेवर आलं. तो कसा दिसतो हे मी तेव्हा पाहिलं. कानशिलावर केस पांढरे व्हायला लागलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

परत येताना चाळीसगावला गाडीला दोन तास होते. मी फलाटावरच्या बाकावर बसून दिसेल ते मोठ्याने वाचत सुटलो. चाळीसगाव. पाणी. येथे थुंकू नये. चहा गरम. उतारूंनी रूळ ओलांडू नयेत. लोक वळून बघत होते, बघू देत! त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून मेणकापडाची एक पुरचुंडी काढली. तिच्यातून घड्या पडून पिवळा झालेला एक कागद निघाला.

“हाई वाचा, गुर्जी. काय लिखेल शे?”

मी कागद उलगडला आणि अक्षर ओळखलं. वळणदार, ठसठशीत, माझंच. शाळा सोडल्याचा दाखला होता. नाव, जन्मतारीख, इयत्ता, आणि सगळ्यात खाली शेरा: ‘बुद्धी जड. शिकविण्यात अर्थ नाही.’

पंचवीस वर्षं त्याने तो कागद मेणकापडात जपला होता. तो माझ्याकडे बघत होता, दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातून, थांबून. मी खाकरलो, आणि वर्गात वाचायचो तसा खणखणीत आवाज लावला.

“शेरा. मुलगा हुशार. नजर अधू असल्याने पुढे बसवावा.”

त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

“गुर्जी,” तो म्हणाला, “कागद उलटा धरेल शे का?”

माझी मान खाली गेली.

“भुसावळले कारकुननी वाचेल व्हता,” तो म्हणाला. “बठ्ठा हसनात. तुमना तोंडे ऐकना शे.” तिथे सगळे हसले होते, आता त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

कागद सुलटाच होता. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, पाठ ताठ केली, कागद डाव्या हातात एक हात लांब धरला, आणि जे लिहिलं होतं ते वाचलं.